दोन्हीकडून एकदम

पुण्याहून कुरिअरने आलं ते,
थर्माकोलच्या गोळ्यांत पुरलेलं.
मूठ निळी, हात बैलाच्या शिंगासारखा वाकडा,
वर एक चाक, खाली एक चाक,
दोन्ही ज्वारीच्या दाण्याएवढी,
आणि मागे खाचेत दडलेलं पातं.
शेठ म्हणाले, आता लॅमिनेटेड उलटवायची गरज नाही.
गफूरभाईंनी ऐकलं. चहाचा कप
कापायच्या टेबलाच्या गालिच्यावर ठेवला,
जिथे ठेवायचा नाही असा नियम त्यांचाच.

अंबडच्या या शेडमध्ये सव्वीस वर्षं
ही काच कापायची म्हणजे माणसं दोन.
वरून रेघ. मग "उचल."
मग ती आमच्या चार तळव्यांवर उभी राहायची,
क्षणभर तिच्यात पत्रा, ट्यूबलाइट,
आणि त्यांच्यामागून समोरच्याचं तोंड.
मग आडवी. मग दुसरी रेघ,
पहिलीच्या अगदी पोटाखाली.
केसभर चुकली तर शेठ बोलत नसत.
गफूरभाई बोलत.

काठावर टिचकी, कट्.
उलट बाजूने पुन्हा, कट्.
काच तुटते, पण सुटत नाही.
नव्या पोरांना हे सांगताना मी नेहमी अडखळतो.
दोन काचांच्या मधे एक पातळ, न दिसणारं चामडं असतं,
ते दोन्ही तुकडे धरून बसतं.
त्याच्यासाठी स्पिरिट. फटीत ओतायचं, काडी लावायची.
दिवसा ती आग दिसत नाही,
पलीकडची भिंत थोडी हलते, एवढंच.
गफूरभाई भिंतीकडे बघत आठ मोजायचे
आणि म्हणायचे, "ओढ."
मग फटीतून ब्लेड.
डिसेंबरात, निफाडला पारा पाचावर आला
की चामडं हट्टाला पेटतं. तेव्हा बारा.
बागवाले द्राक्षांसाठी शेकोट्या लावतात,
आम्ही काचेसाठी.

नवं हत्यार हे सगळं एका फेरीत करतं.
कर्रर्र. एकच आवाज.
पहिल्या दिवशी मी एकट्याने अकरा पट्ट्या कापल्या,
बाल्कनीच्या, जिन्याच्या,
इंदिरानगरच्या एका दातांच्या दवाखान्याच्या.
काठ असे, की बोट फिरवावं.
टेबलाच्या पलीकडे कोणी नाही,
तरी दर पट्टीला माझ्या तोंडून निघालं, "उचल."
अकरा वेळा.

महिनाअखेर गफूरभाईंनी हिशेब घेतला.
माझं नाव निवृत्ती.
"नाव तुझं," ते म्हणाले, "आणि घरी मी."
आम्ही दोघं हसलो. शेठही हसले, जरा उशिरा.
आता ते भद्रकालीत, भावाच्या बांगड्यांच्या दुकानात बसतात.
म्हणतात, ही गोल काच बरी,
हिला कापावं लागत नाही,
हिची ती फुटते.

काल गंगापूर धरणाकडच्या वाइनरीची ऑर्डर आली.
पाण्याकडे उघडणारी खिडकी,
साडेसहा बाय पाच, छेद मधोमध, तिरका.
हत्याराचा हात पोहोचतो फूटभर.
मी तीनदा मोजलं, जणू टेप खोटं बोलत असेल.
शेठनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला.
स्वतः लावला नाही.

गफूरभाई दिवेलागणीला आले,
मनगटाला बांगड्यांची चमकी लागलेली,
पिशवीत जुनी स्पिरिटची बाटली.
आधी नवं हत्यार उचललं,
खालचं चाक अंगठ्याने फिरवून पाहिलं,
त्यावर थेंबभर रॉकेल सोडलं.
"कोरडं चालवतोस?"
एवढंच बोलले.

मग जुन्या कटरने वरची रेघ मारली, श्वास रोखून,
आणि आम्ही उभे राहिलो,
ते तिकडे, मी इकडे,
तळवे काठाखाली.
आधी कोण म्हणालं
ते मला सांगता येणार नाही.